जिमची वार्षिक फी : परवडते कोणाला आणि कधी?



मालेगाव, भिवंडी, सोलापूर, इचलकरंजी ही आपली कापडाची गावे. या गावांच्या बाजारपेठांतूनही आता जिमचे बोर्ड दिसतात. बोर्डावर मोठ्या अक्षरांत सवलत असते : वर्षाची फी एकदम भरा, दोन महिने फुकट मिळवा. घरातला तरुण मुलगा मागे लागतो, डॉक्टर वजन कमी करा म्हणतात, शेजारचा दुकानदार आपले नाव घालून आलेला असतो. मग प्रश्न पडतो, पैसे भरावेत की नाही?

या प्रश्नाला बाजारात दोन उत्तरे ऐकू येतात. एक म्हणजे, ही सारी फजूलखर्ची आहे, आपले वाडवडील कुठे जिमला गेले होते? दुसरे म्हणजे, सेहतीपुढे पैसा काय चीज आहे, भरून टाका. दोन्ही उत्तरांत एक गोष्ट समान आहे. हिशेब कोणीच केलेला नाही. आपण सूत घेताना काउंट पाहतो, कापड घेताना पन्हा मोजतो, वजन करतो, धुऊन आटते किती ते तपासतो. मग वर्षाला आठ-दहा हजार रुपये देताना एवढी तपासणी का करू नये? या लेखात आम्ही तोच हिशेब मांडणार आहोत.

आधी गरज किती ते पाहू

शरीर हलवण्याची गरज आहे की नाही, यावर वाद घालण्याचे दिवस संपले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. रक्तदाबाचा त्रास शंभरातल्या पस्तीसहून अधिक प्रौढांना आहे. २०२४ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात आणखी एक अहवाल आला. त्यात म्हटले आहे की भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ जरुरीपेक्षा कमी हालचाल करतात, आणि स्त्रियांत हे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, ती लक्षात ठेवायला सोपी आहेत. प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास झपझप चालणे. चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, इतका वेग. त्याशिवाय आठवड्यातून दोन दिवस हातापायांच्या, पाठीच्या आणि पोटाच्या स्नायूंना जोर पडेल असा व्यायाम करावा.

हे दोन भाग वेगळे आहेत, हे नीट ध्यानात घ्यावे. पहिला भाग, चालण्याचा, रस्त्यावर फुकट मिळतो. दुसरा भाग, ताकदीचा, थोडे शिकून घ्यावा लागतो. जिमला पैसे देण्याचे खरे कारण असेल तर ते या दुसऱ्या भागात आहे. फक्त चालण्याच्या मशीनवर अर्धा तास चालून घरी यायचे असेल, तर जी वस्तू दाराबाहेर मोफत आहे ती आपण विकत घेत आहोत असे समजावे. पावसाळा, मे महिन्याचे ऊन, खराब रस्ता, किंवा घरातील स्त्रियांना बाहेर फिरण्याची सोय नसणे, ही कारणे असतील तर गोष्ट निराळी.

भाव वर्षाचा नको, हजेरीचा काढा

कापडाचा व्यापारी ठाणाची किंमत ऐकून खूश होत नाही. ठाणात मीटर किती, आटून उरणार किती, कडा आणि तुकडे वगळून विकले जाणार किती, हे पाहून तो मीटरचा खरा भाव काढतो. जिमचेही तसेच आहे. वर्षाची फी हा ठाणाचा भाव. आपण ज्या दिवशी प्रत्यक्ष गेलो तो एक मीटर. म्हणून एका हजेरीला किती पडले, हे काढले पाहिजे.

एक नमुना घेऊ. आकडे समजुतीसाठी आहेत, आपल्या गावचे भाव घालून पुन्हा करावेत. समजा जिमची फी महिन्याला १,२०० रुपये, तीन महिन्यांची ३,००० आणि वर्षाची ९,००० रुपये आहे. प्रवेश फी ५०० रुपये. बूट आणि कपडे २,००० रुपये. जाण्यायेण्याचे पेट्रोल दर खेपेला १५ रुपये. वर्षाची फी एकदम भरली तर पेट्रोल सोडून खर्च ११,५०० रुपये झाला.

आता हजेरीप्रमाणे भाव पाहा.

महिन्याला २० दिवस गेले, म्हणजे वर्षाला २४० हजेऱ्या : एका हजेरीला सुमारे ६३ रुपये.

महिन्याला १२ दिवस, वर्षाला १४४ हजेऱ्या : सुमारे ९५ रुपये.

महिन्याला ४ दिवस, वर्षाला ४८ हजेऱ्या : सुमारे २५५ रुपये.

पहिले दोन महिने जोरात, पंधरा-पंधरा दिवस, आणि मग बंद. एकूण ३० हजेऱ्या : सुमारे ३९८ रुपये.

जिम तीच, मशीन तीच, पावतीवरचा आकडाही तोच. पण एकाने ६३ रुपयांना घेतलेली वस्तू दुसऱ्याने ३९८ रुपयांना घेतली. फी ठरवते जिमवाला, पण भाव ठरवतो आपला पाय.

रोजंदारीवर काम करणाऱ्या कारागीर बांधवांनी आणखी एक भागाकार करावा. समजा दिवसाची मजुरी ६०० रुपये आहे. मग ११,५०० रुपये म्हणजे एकोणीस दिवसांची मेहनत. एकोणीस दिवस राबून घेतलेली वस्तू पुरती वापरली जाईल का, हा प्रश्न पैसे भरण्याच्या आधी विचारायचा.

आपल्या हजेरीचा अंदाज आपणच चुकवतो

कोणी म्हणेल, आम्ही तर महिन्याला वीस दिवस जाणार. नाव घालताना प्रत्येकाला तसेच वाटते. अमेरिकेत स्टेफानो डेलाविन्या आणि उल्रिके माल्मेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तीन हेल्थ क्लबांतील ७,७५२ सभासदांच्या तीन वर्षांच्या हजेरीची नोंद तपासली. त्यांचा लेख २००६ साली 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये छापून आला. मासिक ७० डॉलरहून अधिक फी भरणारे सभासद महिन्यात सरासरी फक्त ४.३ वेळा आले. म्हणजे एका हजेरीला त्यांना १७ डॉलरहून अधिक पडले. त्याच क्लबांत दहा हजेऱ्यांचा पास १०० डॉलरला मिळत होता, म्हणजे हजेरीला १० डॉलर. स्वस्त माल समोर असताना लोक महाग घेत राहिले, कारण आपण पुष्कळ वेळा येऊ अशी त्यांची खात्री होती.

त्याच नोंदीत आणखी एक गोष्ट सापडली. शेवटचे जिमला जाणे आणि नाव काढून टाकणे यांत सरासरी दोन महिन्यांहून अधिक काळ जात होता. माणूस जायचे बंद करतो, पण 'उद्यापासून जाऊ' या आशेवर फी भरत राहतो.

हे लोक आळशी होते असे समजू नये. माणसाचा स्वभावच असा आहे. आज ठरवताना उद्याची मेहनत हलकी वाटते. आपल्याकडे तर पुष्कळ ठिकाणी वर्षाचे पैसे पहिल्याच दिवशी घेतले जातात. तेथे नाव काढून टाकण्याचा प्रश्नच उरत नाही, नुकसान आगाऊ झालेले असते.

ठोक भावाचा मोह

वर्षाची फी म्हणजे ठोक खरेदी. ठोकात भाव कमी मिळतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण ठोक खरेदी कोणी करावी, हेही आपल्याला ठाऊक आहे. ज्याची विक्री पक्की, त्याने. ज्याला गिऱ्हाईक किती येईल याची कल्पना नाही, त्याने आधी दोन ठाण घेऊन पाहावे.

शिवाय कापड पडून राहिले तरी पुढच्या सीझनला कमी भावाने निघते. जिमचा दिवस तसा नाही. आज गेलो नाही तर आजचा दिवस संपला. तो गोदामात ठेवता येत नाही, सेलमध्ये काढता येत नाही. भाजीवाल्याच्या मालापेक्षाही हा माल जास्त नाशवंत आहे. नाशवंत माल वर्षभराचा एकदम घेणे हे मोठे धाडस आहे.

वरच्या नमुन्यात वार्षिक फी ९,००० आणि मासिक १,२०० आहे. ९,००० ला १,२०० ने भागले की साडेसात येतात. म्हणजे आठ महिने किंवा जास्त जाणार असाल तरच वार्षिक फी मासिक फीपेक्षा स्वस्त. तीन महिन्यांच्या फीशी ताडून पाहा : तीन वेळा ३,००० भरले की ९,००० होतात. म्हणजे नऊ महिन्यांपर्यंत वार्षिक फीत एका रुपयाचा फायदा नाही. फायदा दहाव्या महिन्यापासून. मात्र सारा धोका पहिल्या दिवसापासून आपल्या अंगावर. जिम बंद पडली, मालक बदलला, आपण आजारी पडलो, दुसऱ्या गावी जावे लागले, तर नुकसान आपले.

हा धोका कागदावरचा नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि महाराष्ट्रातील जिम थेट २५ ऑक्टोबर २०२० ला, दसऱ्याच्या दिवशी उघडल्या. मध्ये सात महिने गेले. ज्यांनी त्याआधी वर्षाचे पैसे भरले होते, त्यांना मुदत वाढवून मिळणे न मिळणे मालकाच्या मर्जीवर राहिले.

आपल्या धंद्याचे कॅलेंडर मांडा

वर्षात ५२ आठवडे असतात. पण कापड व्यापाऱ्याचे सगळे आठवडे सारखे नसतात. रमजानमध्ये दिवसा रोजा, रात्री तरावीह, आणि शेवटच्या दोन आठवड्यांत बाजार मध्यरात्रीपर्यंत चालू. त्या महिन्यात जिमचे नाव काढू नये. चार आठवडे वजा करा. लग्नसराईच्या गर्दीचे चार. दसरा-दिवाळीच्या गिऱ्हाइकीचे तीन. सुरत-अहमदाबादची खरेदी, घरातली लग्ने, ताप-सर्दी, यांचे मिळून तीन. एकूण १४ आठवडे गेले, उरले ३८.

३८ आठवडे, आठवड्याला तीन दिवस, म्हणजे ११४ हजेऱ्या. ही चांगली हजेरी आहे, कोणी नावे ठेवू नयेत. यात एका हजेरीचा भाव सुमारे ११६ रुपये पडतो, जाहिरातीतून मनात येणारे पन्नास-साठ रुपये नव्हेत. ३८ आठवडे म्हणजे सुमारे नऊ महिने, आणि नऊ महिन्यांना तीन-तीन महिन्यांची फी तेवढीच होते, हे वर पाहिलेच. मग वर्षाचे एकदम भरून मिळवले काय?

रमजान दरवर्षी इंग्रजी कॅलेंडरात दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. म्हणून फी भरण्याची तारीख अशी निवडावी की तीन महिन्यांची मुदत रमजानच्या आधी संपेल आणि पुढची ईदनंतर सुरू होईल. काही जिममध्ये मुदत थांबवून ठेवण्याची सोय असते. ती असल्यास किती दिवसांची आणि वर्षातून किती वेळा, हे विचारून पावतीवर लिहून घ्यावे.

यंत्रमागावर काम करणाऱ्यांचे कॅलेंडर वेगळे. दिवसपाळी आणि रातपाळी बदलते, शुक्रवारी साचे बंद. ज्याची पाळी बदलते त्याने सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळी येऊ देणारी जिमच पाहावी. केवळ एकाच वेळेचे कार्ड स्वस्त मिळते म्हणून घेतले, तर महिन्यातले निम्मे दिवस वाया जातील.

कोणाच्या शरीराला काय हवे

जिम एकच असली तरी गरज धंद्यागणिक बदलते.

गादीवर किंवा गल्ल्यावर बसणारा दुकानदार दिवसभर हलत नाही. त्याचे पहिले औषध चालणे. फजरच्या नमाजनंतर दुकान उघडेपर्यंत दोन-तीन तास हातात असतात. त्या वेळी अर्धा तास चालावे, त्याला पैसे लागत नाहीत. मात्र पन्नाशीकडे झुकताना स्नायू कमी होत जातात, आणि रक्तातली साखर वापरणारे मोठे ठिकाण स्नायूच आहेत. म्हणून वजनांचा हलका व्यायाम आठवड्यातून दोन दिवस हवा. तो नीट शिकवणारा उस्ताद जिममध्ये असेल तर फी सार्थकी लागते.

यंत्रमागावर उभे राहणारा कामगार म्हणेल, आम्ही बारा तास उभे असतो, आम्हाला कसला व्यायाम? त्याचे म्हणणे खोटे नाही, पण पुरते खरेही नाही. कामातली मेहनत आणि व्यायाम या दोन वस्तू आहेत. कामात तेच तेच अंग तासन् तास ताणले जाते, दम घ्यायची मुभा नसते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संकलित अभ्यासात, कष्टाचे काम करणाऱ्या पुरुषांत अकाली मृत्यूचा धोका कमी कष्टाचे काम करणाऱ्यांपेक्षा काही प्रमाणात जास्तच आढळला. अशा माणसाला रातपाळीनंतर जिममध्ये घाम गाळायला लावणे हा इलाज नाही. त्याची पहिली गरज झोप. मग पाठ, खांदे आणि पोटऱ्या मोकळ्या करणारा वीस मिनिटांचा व्यायाम. तो घरी चटईवर होतो. जायचेच असेल तर सुट्टीच्या दिवशी आणि आणखी एक दिवस, असे दोनच दिवस धरून भाव काढावा. आठवड्याला दोन हजेऱ्यांना वार्षिक फी क्वचितच परवडते. अशांनी मासिक फी किंवा एकेका दिवसाचा पास मिळतो का ते पाहावे.

जरीकाम करणारे कारागीर अड्ड्यावर वाकून बसतात, शिंपी मशीनवर वाकून बसतात. मान, खांदे आणि कंबर हे त्यांचे दुखणे. त्यांना चालणे तर हवेच, शिवाय पाठ मागे खेचणारे आणि छाती उघडणारे व्यायाम हवेत. दोन-तीन महिने जिममध्ये जाऊन ते शिकून घ्यावेत आणि पुढे घरी करावेत, हा या मंडळींना सर्वांत परवडणारा मार्ग. जिम म्हणजे कायमचे भाडे असे मानण्याऐवजी शिकवणीची फी मानली, तर हिशेब बदलतो.

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. तेथे तालीम म्हणजे शिक्षण. मराठी मुलुखात तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा. शब्द एकच, आणि दोन्ही अर्थ बरोबर आहेत. आखाड्यातही माती आणि मुदगल यांच्यापेक्षा उस्ताद मोठा मानला जाई. बडोद्याच्या प्रसिद्ध व्यायाम मंदिराला जुम्मादादा या उस्तादांचे नाव आहे, आणि ते नावारूपाला आणणारे प्रोफेसर माणिकराव त्यांचेच शागीर्द. जिम पाहायला जाल तेव्हा मशीन किती चकचकीत हे नंतर पाहा. शिकवणारा कोण आहे, नवख्या माणसाकडे तो लक्ष देतो का, हे आधी पाहा. गावात जुनी तालीम चालू असेल तर तीही पाहून या. जोर आणि बैठका आजही तेवढ्याच कामाच्या आहेत. नगरपालिकेच्या बागेत व्यायामाची साधने बसवलेली असतील, तर तेथे फी लागत नाही.

भरण्यापूर्वी एक महिन्याचा नमुना

नवीन माल घेताना आपण नमुना मागवतो. येथे नमुना आपल्या हजेरीचा काढायचा आहे, तोही पैसे न देता.

ज्या वेळी जिमला जायचे ठरवले आहे, बरोबर त्याच वेळी चार आठवडे घराबाहेर पडून चालावे. आठवड्याला चार दिवस, म्हणजे सोळा खेपा. गेलेल्या दिवशी दुकानाच्या कॅलेंडरवर खूण करावी. महिन्याच्या शेवटी बारा किंवा अधिक खुणा झाल्या, तर ती वेळ आपल्या हाताशी आहे असे समजावे आणि एका महिन्याची फी भरावी. आठ ते अकरा खुणा झाल्या तर वेळ बदलून पुन्हा नमुना घ्यावा. आठहून कमी झाल्या तर जिमचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. जो माणूस फुकटच्या रस्त्यावर गेला नाही, तो पैसे भरले म्हणून जाईल, असे फार कमी वेळा घडते.

पहिला महिना नीट गेला तर तीन महिन्यांची फी. दोन वेळा तीन-तीन महिने नियमाने गेले, तरच वर्षाचा विचार. थोडे जास्त पैसे जातील, पण तो नमुन्याचा खर्च आहे.

जागाही आपल्या पायवाटेवरची हवी. घर आणि दुकान यांच्या मध्ये पडणारी साधी जिम, तीन किलोमीटर दूरच्या वातानुकूलित जिमपेक्षा जास्त वापरली जाते. आणि ज्या वेळी आपण जाणार, त्याच वेळी जाऊन एकदा पाहून यावे. दुपारी रिकामी दिसणारी जिम संध्याकाळी भरलेली असते; मशीनसाठी रांगेत उभे राहण्याचे पैसे कोणी देऊ नयेत. घरातील स्त्रियांसाठी नाव घालायचे असेल, तर त्यांची वेगळी वेळ खरोखर पाळली जाते का, शिकवायला बाई असतात का, हेही प्रत्यक्ष जाऊन खात्री करून घ्यावी.

पावती, कर आणि हप्ते

जिमच्या सेवेवर १ जुलै २०१७ पासून १८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झाला आहे. म्हणून कोणी अजून १८ टक्के लावून बिल देत असेल तर विचारणा करावी. कर घेतला असेल तर पावतीवर जीएसटी क्रमांक असलाच पाहिजे. लहान जिम नोंदणीच्या मर्यादेखाली असेल तर तिला कर घेण्याचा अधिकारच नाही.

काही व्यापारी बांधव ही पावती दुकानाच्या खर्चात घालावी असे म्हणतात. तसे करू नये. स्वतःच्या जिमची फी हा घरखर्च आहे, आणि हेल्थ क्लबच्या सभासदत्वावरील कराची वजावट जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) ने अडवलेली आहे.

'बिनव्याजी हप्ते' अशी पाटी दिसली तर एक प्रश्न विचारावा : हप्ता जिमला द्यायचा की फायनान्स कंपनीला? कंपनीला द्यायचा असेल तर ते आपल्या नावावरचे कर्ज आहे. जिमला उद्या कुलूप लागले तरी कंपनी हप्ता मागत राहील. प्रोसेसिंग फी आणि चुकलेल्या हप्त्याचा दंड वेगळा. जो माल रोख घेणे परवडत नाही आणि जो नाशवंत आहे, तो कर्जाने घेऊ नये.

फी भरताना या गोष्टी लिहून घ्याव्यात : मुदत कोणत्या तारखेपर्यंत, मध्ये थांबवता येते का, भावाला किंवा मुलाला नावावर करून देता येते का, जिम बंद पडली तर उरलेले पैसे परत मिळतात का, आणि खास शिकवणाऱ्याची फी यात आहे की वेगळी. तोंडी वायदा तोंडीच राहतो. पावती जपून ठेवावी. तक्रार करण्याची वेळ आलीच तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते, आणि एवढ्या लहान रकमेला आयोगाची फी लागत नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून पाहावी.

एका कारखान्यातले दहा-बारा जण मिळून गेले तर घासाघीस करता येते. रिकाम्या वेळेत एकदम दहा गिऱ्हाइके मिळत असतील तर जिमवालाही भाव सोडतो. शिवाय सोबती असला की हजेरी टिकते, हा दुहेरी फायदा.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

पहिली, ज्यांना मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जिम सुरू करू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर व्यायामाने साखर एकदम खाली जाऊ शकते. खिशात साखर किंवा खजूर ठेवावा. छातीत दुखले, घेरी आली, तर तेथेच थांबावे. जिम सुरू केली म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

दुसरी गोष्ट तरुण मुलांसाठी. काही ठिकाणी फीपेक्षा जास्त पैसे पावडरच्या डब्यांवर जातात. डाळ, अंडी, दूध, मांस, मासे हे घरात असताना डब्याची गरज थोड्यांनाच असते. आणि लवकर शरीर कमावण्यासाठी कोणी इंजेक्शन किंवा गोळ्या पुढे केल्या, तर त्या जिमचा उंबरठा मुलाला पुन्हा ओलांडू देऊ नये. अशी औषधे यकृत आणि हृदय बिघडवतात. तेथे फीचा हिशेब उरतच नाही.

शेवटी थोडक्यात

जिम महाग की स्वस्त, याचे उत्तर तिच्या बोर्डावर मिळत नाही. आपल्या धंद्याच्या कॅलेंडरातून खरे किती आठवडे उरतात, त्यांत किती दिवस पाय तिकडे वळतात, आणि तेथे रस्त्यावर न मिळणारे काय मिळते, या तीन गोष्टी कागदावर मांडाव्यात. हजेरीचा भाव मनाला पटला तर आनंदाने फी भरावी, कारण त्या पैशांत जोर येतो आणि दवाखान्याच्या फेऱ्या कमी होण्याची आशा असते. पटला नाही तर पैसे खिशात ठेवावेत, पण चालणे सोडू नये. जिमशिवाय भागते, हालचालीशिवाय भागत नाही.